गाळलेलं नाव

कावेरीबाई लातूरच्या टेलिफोन एक्सचेंजात लागल्या तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्याला आता बावन्न वर्षं झाली. तरी अजून घरात कुणी फोनवर मोठ्यानं "हॅलो" म्हटलं की त्यांचा उजवा हात आपोआप पुढं जातो, जणू समोर तो बोर्ड आहे आणि त्याच्या भोकांपैकी एकात पिन खुपसायची राहून गेली आहे.

ते दिवस आठवायला त्यांना निमित्त लागायचं नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीला लेकाच्या घरी सकाळी सगळे कामाला गेले की त्या सूप घेऊन शेंगा निवडत बसायच्या आणि आठवत राहायच्या. उंच छताची ती खोली, भिंतीला लागून बोर्ड, बोर्डापुढं पाच स्टुलं आणि स्टुलांवर पाच बायका. कानावरच्या हेडसेटनं वेणीची पार वाट लागायची, म्हणून सगळ्याजणी गजरा खाली, मानेपाशी माळायच्या. ट्रंक कॉल लावणं तेव्हा सोपं नव्हतं. माणूस सकाळी नंबर नोंदवायचा आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहायचा. मग कधीतरी पलीकडून आवाज यायचा, "हॅलो लातूर, नांदेड बोलतंय." हा आवाज चतुराबाईचा. नांदेडच्या एक्सचेंजातली ही बाई कावेरीबाईंनी आठ वर्षं डोळ्यांनी पाहिली नव्हती; पण तिच्या सासूचा दमा, तिच्या येसर मसाल्याची रीत, तिचा धाकटा पास झाला की पुन्हा नापास झाला, सगळं त्यांना पाठ होतं. दोन कॉलच्या मधे लाइन मोकळी सापडली की दोघी बोलून घ्यायच्या. पुढं कावेरीबाईंची बदली नांदेडला झाली, तेव्हा फाटकात एक ठेंगणी, सावळी बाई उभी होती. ती नुसतं "आलीस का गं?" म्हणाली, आणि कावेरीबाईंनी तिला तिथंच मिठी मारली.

आणि लोक काय काय बोलायचे! कुणाचा पोरगा पुण्याहून नोकरी लागल्याचं सांगायचा, तर इकडं बूथमधे उभा राहिलेला बाप काहीच न बोलता हसत राहायचा. तीन मिनिटं त्या हसण्यातच जायची. तीन मिनिटं झाली की मधे पडून विचारायचं, "वाढवायचं का?" त्यासाठी ऐकावं लागायचं. आवाज नीट पोचतो की नाही ते बघायला कळ दाबली की दोन्हीकडचं बोलणं कानात. गावातल्या निम्म्या घरांचं घरचं त्या पाच बायकांना ठाऊक असायचं. ते बाहेर बोलायचं नाही म्हणून रुजू होताना कागदावर सही घेतली होती. सही घेतली नसती तरी कुणी बोललं नसतं, असं कावेरीबाई आजही सांगतात.

एका माणसाच्या बाबतीत मात्र तसं झालं नव्हतं. तो माणूस आठवला की त्या सूप बाजूला ठेवून उठायच्या आणि काहीतरी दुसरं काम काढायच्या.

गेल्या पावसाळ्यात घरात वाद सुरू झाला तो एका नव्या कायद्याच्या मसुद्यावरून. फोनवरून जाणारा प्रत्येक मेसेज, प्रत्येक फोटो पाठवण्याआधीच एका यंत्रानं वाचायचा, आणि काही संशयाचं वाटलं तर वर कळवायचं, असं त्या मसुद्यात होतं. टीव्हीवर रोज त्यावर आरडाओरडा चालायचा. मोर्चे निघाले, सह्यांच्या मोहिमा झाल्या. कावेरीबाईंची सून मंजुषा नांदेडच्या कोर्टात वकील. ती मसुद्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या लोकांमधे होती. लेक लखन कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचा. तो मसुद्याच्या बाजूचा.

"आपल्याला काय लपवायचं हाय?" लखन जेवताना म्हणाला. "वाचू दे की यंत्राला."

"तुम्हाला नसंल लपवायचं. म्हणून दुसऱ्याचं दार उघडं टाकायचं का?" मंजुषानं विचारलं.

"दाराचं राहू दे. मागच्या साली गल्लीच्या ग्रुपवर पोरं पळवणारी टोळी आली म्हणून मेसेज फिरला का न्हाई? भंगार गोळा करणाऱ्या दोघांना लोकांनी बेदम हाणलं. त्यातल्या एकाला मी माझ्या गाडीवर दवाखान्यात नेलं. माझा सगळा शर्ट भरला होता रक्तानं. तो मेसेज कुठनं निघाला, आजवर कुणाला मालूम न्हाई. यंत्रानं तो सुरुवातीलाच धरला असता तर?"

 त्या दिवशीचा शर्ट मंजुषानंच धुतला होता. ती म्हणाली, "अफवा धरायची तर धरा. पण ह्यांना सगळ्यांचंच वाचायचं हाय. आणि यंत्राला काय कळणार, कोण कशाबद्दल बोलून राहिलंय ते? घरातल्या बोलण्यातले चार शब्द उचलायचे आणि साहेबापुढं ठेवायचे. पुढचं-मागचं साहेबाला ठाऊकच न्हाई."

कावेरीबाईंचा घास हातातच राहिला. "चारच शब्द जातेत का वर?" त्यांनी विचारलं. "सगळं बोलणं न्हाई?"

"न्हाई आई. यंत्राला कामाचं वाटंल तेवढंच."

"कामाचं तेवढंच," कावेरीबाई म्हणाल्या. ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवून त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लखन बाजारात गेल्यावर त्यांनी मंजुषाला जवळ बसवलं आणि एकोणपन्नास वर्षांत नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

कावेरीबाई मूळच्या चाकूरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. तिथल्या शाळेत सिद्धेश्वर गुरुजी होते. पोरींना सातवीनंतर घरी बसवायची तेव्हाची रीत. पण गुरुजी कावेरीच्या वडलांकडे येऊन धरणंच धरून बसले. "पोरीचं डोकं चालतंय आणि आवाज खणखणीत हाय. हिला शिकू द्या," म्हणाले. मॅट्रिक झाल्यावर टेलिफोनच्या नोकरीचा अर्जही गुरुजींनीच लातूरहून आणून दिला, आपल्या हातानं भरला.

पुढं गुरुजी दर दोन-तीन शनिवारी सकाळची शाळा आटोपून एस.टी.नं लातूरला यायचे आणि एक्सचेंजाला लागून असलेल्या बूथमधून नांदेडला मेहुण्याशी बोलायचे. खिडकीपाशी थांबून विचारायचे, "कावेरी, पोरी, जेवलीस का?" तिनं हाव म्हटल्याशिवाय बाकावर जाऊन बसायचे नाहीत.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात, आणीबाणी चालू असताना, एक्सचेंजात एक परका माणूस आला. पांढरा बुशकोट, पायात साध्या चपला. कुठल्या खात्याचा ते त्यानं सांगितलं नाही, आणि त्याला विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्याच्याजवळ नावांची यादी होती. त्या नावांचे कॉल लागले की ऐकायचे आणि लिहून द्यायचे. यादीत गुरुजींचं नाव होतं. कधीकाळी ते शिक्षकांच्या एका मोर्चात चालले होते म्हणून असेल.

"सगळी कहाणी लिहीत बसू नका," तो म्हणाला होता. "कोण येतंय, कोण जातंय, कधी आणि कुठं. कामाचं तेवढंच."

त्या शनिवारी गुरुजींचा कॉल कावेरीच्या बोर्डावर लागला. तो माणूस तिच्या मागच्या खुर्चीवर बसला होता. हेडसेट एकच, म्हणून ऐकत होती ती एकटी.

गुरुजींची एक धाकटी बहीण होती. वीस-बावीसची, दोन वर्षांपूर्वी विधवा झालेली. गुरुजी तिचं पुन्हा लग्न लावून देत होते. मुलगा इस्लापूरकडचा, शिक्षकच, पण दुसऱ्या जातीचा. तिच्या सासरच्या दिरांना वास लागला असता तर कुऱ्हाडी निघाल्या असत्या. म्हणून दोघांना गुपचूप नांदेडला मेहुण्याकडे धाडायचं, तिथं लग्न उरकायचं आणि मगच गावाला कळू द्यायचं, असं ठरत होतं.  बोलता बोलता बहिणीचं नाव गुरुजींच्या तोंडून तीनदा आलं.

कावेरीनं कागदावर लिहिलं: सोमवारी दुपारच्या गाडीनं दोघं येणार. स्टँडवर कुणाशी बोलायचं नाही. थेट घरी न्यायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू द्यायचं नाही.

बहिणीचं नाव तिनं गाळलं. लग्नाचंही लिहिलं नाही. बाईमाणसाची इज्जत परक्याच्या कागदावर कशाला मांडायची, एवढाच विचार तिच्या मनात आला होता. त्या माणसानं चिठ्ठी वाचली, दोनदा घडी घातली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो हसला.

सोमवारी नांदेडच्या स्टँडवर साध्या कपड्यातली माणसं दोन फरार पुढाऱ्यांची वाट बघत बसली. डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आणि हातात ट्रंक घेतलेला तिचा माणूस त्यांच्या समोरून निघून गेले. त्यांच्याकडे कुणी मान वर करूनही बघितलं नाही. बुधवारी पोलिसांनी गुरुजींना भर शाळेतून उचललं. मेहुण्याच्या घराची झडतीही झाली, पण तोवर लग्न उरकून ती दोघं इस्लापूरला गेली होती. दोघं कोण होते, कुठं लपवलेत, एवढंच विचारत राहिले. बहिणीचं नाव सांगितलं असतं तर गुरुजी त्याच दिवशी सुटले असते. पण पोलिसांकडून ते दिरांच्या कानावर गेलं असतं, म्हणून त्यांनी ते सांगितलं नाही. ते नऊ महिने आत राहिले.

"मी सांगायला पायजे होतं," कावेरीबाई मंजुषाला म्हणाल्या. "साहेब, ती त्यांची बहीण हाय, एवढंच. मग वाटायचं, सांगितलं तर त्या पोरीचं काय होईल? इतकी वर्षं मी माझ्या जिवाला हेच सांगत आले. पण खरं सांगू का तुला? तवा पहिल्यांदा माझी नोकरीच आठवली होती. पोरीचं मी मागनं जोडलं."

मंजुषानं त्यांचा हात धरून ठेवला.

"सुटून आल्यावर एकदा दिसले मला. लातूरच्या स्टँडवर. डोक्याचे केस सगळे पांढरे झाले होते. मी गाडीच्या आडोशाला जाऊन उभी राहिले."

नांदेडला महिनाभरानं सभा होती. संसदेच्या एका समितीनं मसुद्यावर लोकांचं म्हणणं मागवलं होतं आणि ते ऐकायला तिचे दोन सदस्य येणार होते. मंजुषानं चाचरत विचारलं, "आई, तिथं हे सांगाल?"

"आधी चाकूरला जाऊ," कावेरीबाई म्हणाल्या. "माझ्या एकटीचं थोडंच हाय ते?"

गुरुजी जाऊन पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती. घरात त्यांची मुलगी उज्वला राहायची, अंगणवाडीची सेविका. दोघी पोचल्या तेव्हा ती अंगणात पसरलेल्या सोयाबीनवर हात फिरवत होती. तिनं हात झटकले, पाणी आणून दिलं, कुणाकडच्या पाहुण्या म्हणून विचारलं.

"मी इथलीच. गुरुजींची विद्यार्थिनी," कावेरीबाई म्हणाल्या. "कावेरी. लातूरच्या टेलिफोनमधे होते."

उज्वलाच्या हातातला तांब्या खाली ठेवायचा राहून गेला.  ती म्हणाली, "एक्सचेंजातली कावेरी?"

"तुला ठाऊक हाय?"

"बाबांना ठाऊक होतं. आत त्यांना तो कागद वाचून दाखवला होता. अक्षर न्हाई दाखवलं, नुसता वाचला. त्यात आत्याचं नाव नव्हतं. बाबा म्हणायचे, आपलं सगळं बोलणं ऐकून तेवढं नाव कोण गाळंल? कावेरीच गाळंल."

 कावेरीबाईंनी विचारलं, "रागवले होते?"

"हाव," उज्वला म्हणाली. "लई. शेवटपर्यंत होता राग. आत गुडघे गेले त्यांचे, पुन्हा नीट चालले न्हाईत. आईनं ते नऊ महिने कसे काढले ते मी बघितलंय. मी पाच वर्षांची होते, पण बघितलंय. आणि आत्याचा विषय निघाला की हेबी म्हणायचे, ती पोरगी वाचली ती त्या गाळलेल्या नावामुळंच. दोन्ही म्हणायचे. मावशी, मी ह्यातलं कुठलं एक तुम्हाला देऊ?"

"दोन्ही दे," कावेरीबाई म्हणाल्या. "मी घेते."

उज्वला आत गेली. चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते. दोघींच्या हातात कप देऊन ती समोर बसली. स्वतःसाठी तिनं आणला नव्हता.

"एक विचारू? बाबा त्या दिवशी काय बोलले होते? कागदावरचं मला पाठ हाय. बाकीचं?"

"आठवतं की. पोलीस घेऊन गेल्यावर मी रोज घोकत होते. कुणी विचारलं तर सांगावं म्हणून. कुणी विचारलंच न्हाई."

"बाबांचा आवाज कुठंच न्हाई हो आमच्याकडं," उज्वला म्हणाली. "तवा कुठलं आलं रेकॉर्ड करणं? दोन फोटो हायत, तेबी शाळेतले." तिनं पदराच्या आडून मोबाइल काढला, रेकॉर्डिंग चालू करायला बोट नेलं, आणि तशीच थांबली. मग उठून मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून आली. दार लोटून घेतलं. "सांगा."

कावेरीबाईंनी डोळे मिटले. मंजुषा सांगते की पुढची तीन-चार मिनिटं समोर आपली सासू बोलत होती असं तिला वाटलंच नाही. मधेच थांबणं, घसा खाकरणं, "ऐकून राहिलात ना दाजी?" असं दर दोन वाक्यांनी विचारणं, सगळं दुसऱ्याच कुणाचं होतं. मंजुषा उठून अंगणात गेली. ते तिच्यासाठी नव्हतं, हे तिला कळत होतं. पण एक वाक्य तिच्याही कानावर पडलं. बहिणीचं सगळं ठरवून झाल्यावर मेहुण्यानं भाचीचं विचारलं असावं. गुरुजी म्हणाले होते, "उजू पाढे म्हणायला लागली. सातापाशी अडकती."

आतून उज्वलाचं हसणं ऐकू आलं, आणि लगेच रडणं. "अजून अडकते," ती म्हणत होती. "अजून अडकते हो मावशी."

निघताना कावेरीबाईंनी सभेचं विचारलं. उज्वला उंबऱ्यात थांबली.

"सांगा," ती म्हणाली. "बाबांचं नाव घ्या. त्यांनी काय भोगलं ते सांगा. आत्याचं नाव नको. तिची नातवंडं हायत तिकडं इस्लापूरला, त्यांना ह्यातलं काही ठाऊक न्हाई. आणि ते बोलणं सांगू नका. कुणी विचारलं तरी. ते आमच्या घरचं हाय."

सभा नांदेडच्या एका मंगल कार्यालयात होती, दुपारी तीनला. दीड-दोनशे माणसं जमली. लखनही आला होता, मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. आई बोलणार हे त्याला ठाऊक होतं, काय बोलणार ते नव्हतं.

आधी एक बाई बोलली. तिच्या कॉलेजातल्या पोरीचे फोटो कुणीतरी पाठवून तिला धमकावलं होतं. पोरीनं सहा महिने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. "हा कायदा असता तर माझी पोर वाचली असती," ती म्हणाली आणि खाली बसली. कावेरीबाईंना तिचं पटलं. उठून तिच्याजवळ जाऊन बसावं असं त्यांना वाटलं. पण तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं.

माइकपुढं त्या नीट उभ्या राहिल्या. चिठ्ठी आणली नव्हती. एक्सचेंज, तो परका माणूस, तीन ओळींचा कागद आणि गुरुजींचे नऊ महिने, सगळं त्यांनी सरळ सांगितलं. "मी एक अक्षर खोटं लिहिलं न्हाई," त्या म्हणाल्या. "जे ऐकलं त्यातलंच लिहिलं, कामाचं तेवढंच. तेवढ्यानं माणूस आत गेला. मला तर सगळं ऐकू येत होतं, मी त्यांना लहानपणापासनं ओळखत होते, तरी माझ्या हातनं हे झालं. तुमचं यंत्र तर कुणालाच ओळखत न्हाई."

समितीचे एक सदस्य, खासदार होण्याआधी अधिकारी असावेत, पुढं झुकले. आवाज सौम्य होता. "आजी, तुमचं दुःख समजतं. पण ते दोघं होते तरी कोण?"

"ते मी सांगणार न्हाई."

सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी हसलंही.

"पन्नास वर्षं झाली त्याला. आता सांगायला काय हरकत आहे?"

"ज्यांचं हाय त्यांना विचारून आले मी. ते नको म्हणाले."

"पण मग त्यात काही वावगं नव्हतं, हे आम्ही कशावरून मानायचं?"

"हेच," कावेरीबाई म्हणाल्या, "हेच गुरुजींना नऊ महिने विचारत होते."

कुजबुज थांबली. त्या सदस्यांनी चष्मा काढला, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. कावेरीबाई जागेवर न जाता त्या पोरीच्या आईपाशी जाऊन बसल्या.  थोड्या वेळानं त्या बाईनं आपली पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

मसुद्याचं पुढं असं झालं की समितीनं तो बऱ्याच शेऱ्यांसह परत पाठवला. अधिवेशन संपलं, तो आला नाही. पुढच्या वेळी नवं नाव लावून येणार, असं मंजुषा म्हणते आणि अजून सह्या गोळा करत फिरते. लखनचं तिच्याशी अजून पूर्ण पटलेलं नाही. "मग अफवांचं काय करायचं ते सांग," तो विचारतो, आणि मंजुषालाही त्याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. पण काय लपवायचं हाय, असं तो पुन्हा म्हणाला नाही. सभेहून आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "आई, बाबांना ठाऊक होतं?" त्या नाही म्हणाल्या. तो बराच वेळ त्यांच्याजवळ बसून होता. उज्वलाचा फोन दिवाळीला आला होता. तिनं तब्येत विचारली, सोयाबीन पावसानं भिजल्याचं सांगितलं. दुसरं काही नाही.

पण सभेचा विषय निघाला की कावेरीबाई सांगतात ती निराळीच गोष्ट.

सभा सुटल्यावर त्या पायऱ्यांवर लखनची वाट बघत उभ्या होत्या. तेवढ्यात धोतर-टोपीतले एक म्हातारबुवा काठी टेकत जवळ आले. "बाई, तुमी सुटीच्या दिवशीबी असायचा का हो बोर्डावर? मी वीरण्णा. उदगीरचा. तुमचा आवाज आत ऐकला आणि म्हटलं, ही तर आपली लातूरवाली बाई."

"बघितलं कुठं होतं तुमी मला?"

"बघितलं कुठं? ऐकलं की! त्रेसष्ट नंबर माझा, तुरीच्या आडतीचा. रोज सकाळी मी लातूरला भाव विचारायचो. तुमी म्हणायचा, 'त्रेसष्ट, थांबा, तुमच्या आधी तीन हायत.'"

"त्रेसष्ट!" कावेरीबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, तुमी तर एवढ्या मोठ्यानं ओरडायचा की आमी हेडसेट कानावरनं काढून ठेवायचो. बोर्डाची गरजच नव्हती तुमाला. उदगीरच्या वेशीत उभं राहून बोलला असता तरी लातूरला पोचलं असतं!"

वीरण्णा एवढे हसले की त्यांना खोकला लागला. "हौद, हौद," ते कानडीतनं होकार देत म्हणाले, "बायकोबी हेच म्हणायची." मग दोघं पायरीवरच बसले. कोण सुपरवायझर होता, दसऱ्याला बोर्डाची पूजा कशी व्हायची, वादळात तारा तुटल्या की दोन दोन दिवस गावं कशी मुकी व्हायची, हे एकमेकांना सांगू लागले. लखन गाडी घेऊन आला. त्यानं एकदा हॉर्न वाजवला. आईचं लक्ष नाही हे बघून त्यानं गाडी बंद केली, दोन चहा आणायला सांगितले आणि तोही खालच्या पायरीवर ऐकत बसला.